गॅरेजमधून गाडी आणली आणि इंजिन लाइट लागली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमच्याकडे स्कॅनिंगला (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचायला) येणाऱ्या बऱ्याच गाड्या आधी दुसरीकडे कुठेतरी उघडलेल्या असतात. सर्व्हिस झाली, प्लग बदलले, क्लच टाकला, बिल दिलं आणि सात रस्त्यापर्यंत येईतो डॅशबोर्डवर पिवळं इंजिन उगवलं. अशा वेळी मालक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. बहुतेक उत्तरं पेट्रोल गाड्यांची आहेत. डिझेल आणि सीएनजीचं खाली वेगळं दिलंय.

लाइट लागलीय. गाडी चालवू की आहे तिथेच थांबवू?

लाइट पिवळी आणि स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजला न्यायला हरकत नाही.

लाइट लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर वितळला की खर्च हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजावा लागतो. रेस कमी करा, बाजूला घ्या. लुकलुकणं थांबत नसेल तर गाडी ओढून न्या, मग तुम्ही होटगी रोडवर असा की टेंभुर्णीच्या पुढे.

आणि लाल रंगाची तेलाची कुपी किंवा लाल तापमान दिसलं तर इंजिन तिथल्या तिथे बंद. त्यात विचारायला काही नाही.

काम तर क्लचचं होतं. इंजिन लाइटचा त्याच्याशी काय संबंध?

बहुतेक वेळा थेट संबंध असतो. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेतात. बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणारा क्रँक सेन्सर तिथेच, क्लचवरच्या कव्हरजवळ (बेल हाउसिंग) असतो. बॉडीची अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सलाच बोल्टने बसवलेली असते. सायलेन्सर सैल केला असेल तर ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जाते, कधी गरम पाइपला टेकून वितळते. यातलं काहीही राहिलं की लाइट लागणार.

एअर फिल्टर बदलला असेल तर डब्याची क्लिप नीट बसली का, डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या जाड रबर पाइपचा क्लॅम्प आवळला का, त्या पाइपवरच्या, आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचं कपलर (वायरचा प्लास्टिकचा जोड) ‘टक’ आवाज येऊन बसलंय का, हे बघा. ऑइल बदललं असेल तर डिपस्टिक पूर्ण आत गेलीय का आणि ऑइलचं झाकण बसलंय का, तेही बघा. काही गाड्यांत तेवढ्यानेही हवा आत शिरते आणि आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, बिघडतं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली असेल तर स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावं लागतं. ते न केल्यामुळे आरपीएम वरखाली होते आणि मालकाला वाटतं गाडीच बिघडवून ठेवली.

आपल्याकडच्या उन्हाचाही यात हात आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. आठ-दहा वर्षांच्या गाडीत कपलरच्या प्लास्टिकच्या कड्या पार ठिसूळ झालेल्या असतात. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरने कपलर उचकलं की लॉक तुटतं. कपलर परत बसतं, पण लॉक नसल्याने विजापूर रोडवरच्या दोन स्पीड ब्रेकरनंतर मागे सरकतं. वरून बघितलं तर बसल्यासारखंच दिसतं, म्हणून प्रत्येक कपलर हाताने ओढून बघायचं.

थोडक्यात, शोध नेहमी हात लागलेल्या जागेपासून सुरू करा. काल चांगली चालणारी गाडी आज बिघडली आणि मधे फक्त गॅरेज होतं, तर दहा हजारांचा पार्ट त्याच दिवशी योगायोगाने गेला असण्यापेक्षा काहीतरी जोडायचं राहिलं असण्याची शक्यता फार मोठी.

मिस्त्री म्हणतो, “सेन्सर गेलाय, नवीन टाकावा लागेल.” विश्वास ठेवू का?

आधी त्याला कोड विचारा, आणि तो कोड आला तेव्हा सेन्सर काय रीडिंग देत होता ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पार्ट घेऊ नका.

कोड पार्टचं नाव सांगत नाही. तो सांगतो की अमुक सर्किटमध्ये व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी आहे, किंवा अमुक गोष्ट व्हायला हवी ती झाली नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असे पाच भागीदार असतात. सगळ्यात सहज विकता येणारा त्यातला सेन्सर, म्हणून आळ नेहमी त्याच्यावर येतो.

पी ०११३ घ्या. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट ‘हाय’. स्कॅनरमध्ये लाइव्ह डेटा उघडला तर दिसतं: हवेचं तापमान उणे ४०. बाहेर मे महिना, पार्क चौकात डांबर वितळतंय आणि गाडी म्हणतेय उणे ४०! हा आकडा ठरलेला आहे. सेन्सरपर्यंतचं सर्किट कुठेही तुटलं की बहुतेक गाड्या नेमकं हेच दाखवतात. आता हा सेन्सर दोन तारांचा आणि वेगळा असेल तर त्याचं कपलर काढून वायरीकडच्या कपलरच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडायच्या. रीडिंग उणे ४० वरून एकदम शंभराच्या पार गेलं, तर वायर आणि ईसीयू ठणठणीत, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा. रीडिंग हललंच नाही, तर नवीन सेन्सर टाकून काही उपयोग नाही, वायर कुठेतरी तुटलीय. दोन मिनिटांत पार्टचे पैसे वाचतात की नाही ते कळतं. ही तारेची युक्ती फक्त तापमानाच्या दोन तारांच्या सेन्सरसाठी आहे. तीन-चार तारांच्या सेन्सरवर करून बघू नका, ईसीयू उडेल.

कोड वाचायचा कसा?

पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे मोड्यूलमधलं आपसातलं बोलणं तुटलं. त्यापुढचा आकडा ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर तो त्या कंपनीचा खास कोड, इंटरनेटवर दुसऱ्या गाडीचा अर्थ शोधून चालत नाही.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि लाइट गेली. मिटलं का?

मिटलं नाही, पुरावा गेला.

कोड साठवताना गाडी त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती. हवा जास्त-पेट्रोल कमी असा कोड आला आणि फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड शून्य, आरपीएम ७८० असेल तर हवेची गळती शोधायची. त्याच कोडला स्पीड ९० आणि आरपीएम ३००० असेल तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरकडे बघायचं. एकाच कोडच्या दोन वेगळ्या दिशा, आणि सांगणारी फक्त ती फ्रेम. बॅटरी काढली किंवा स्कॅनरने कोड उडवला की ती पुसली जाते.

शिवाय बऱ्याच दोषांसाठी गाडी लगेच लाइट लावत नाही. एकदा चूक दिसली की ‘पेंडिंग’ म्हणून मनात ठेवते, पुढच्या फेरीत पुन्हा दिसली की लाइट. त्यामुळे कोड उडवल्यावर एक-दोन दिवस डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, मिस्त्रीचे पैसे देऊन होतात, आणि तुळजापूरला जाऊन येईपर्यंत लाइट परत हजर.

म्हणून कोड आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलने फोटो काढल्याशिवाय कुणालाही काही उडवू देऊ नका.

स्वतःचा स्कॅनर घ्यावा का?

घ्या. ब्लूटूथचं छोटं डोंगल पाचशे-हजार रुपयांच्या आसपास मिळतं, मोबाइलवर ॲप टाकायचं, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचं. इंजिनचे कोड, फ्रीझ फ्रेम, लाइव्ह डेटा दिसतो. अगदी स्वस्तातली नक्कल काही गाड्यांशी जोडलीच जात नाही, तेव्हा परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. एबीएस, एअरबॅग आणि इंजेक्टर कोडिंग त्याच्या आवाक्यात नाही, त्याला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. काम झालं की काढून ठेवा, कायम लावून ठेवलं तर उभ्या गाडीची बॅटरी खातं.

सर्व्हिसनंतर पी ०१७१ आला. मिस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पी ०१७१ म्हणजे मिश्रण ‘लीन’, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने आणलेली असते. बातमी आणणाऱ्यालाच फाशी द्यायची आपल्याकडे पद्धत पडलीय.

लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतेय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाचं, लाँग टर्म म्हणजे सवयीचं. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच-सात टक्के असेल तर गाडी सुखात. अधिक दहाच्या वर गेलं की शोधायला लागायचं, पंचविसाच्या घरात गेलं की कोड येतोच.

समजा आयडलला लाँग टर्म अधिक २१, शॉर्ट टर्म अधिक ६. रेस धरून २५०० आरपीएमवर नेलं तर बेरीज ५ वर आली. हे उत्तर जवळजवळ तोंडावर लिहिलेलं आहे: हवा चोरवाटेने शिरतेय. आयडलला थ्रॉटल बंद असतं, इंजिन एकूणच थोडी हवा घेतं, त्यात फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा. रेस वाढली की मोजून येणारी हवा भरपूर होते, चोरीची नगण्य ठरते. उलटं असेल, आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर ट्रिम चढत जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही किंवा एअर फ्लो सेन्सर कमी मोजतोय. फिल्टरवरचं तेल किंवा धूळ त्या सेन्सरच्या तारेवर बसली तरी असं होतं.

पहिल्या प्रकारात बघायची जागा एअर फिल्टरच्या डब्याच्या खालची. तिथे इंजिनच्या श्वासनळीचा बोटभर रबर पाइप येतो. डबा उचलताना तो निसटतो, आणि डबा परत बसवल्यावर वरून दिसत नाही. टॉर्च घेऊन, हात घालून चाचपावं लागतं. पाइप जागेवर असेल तर वाकवून बघा, वळणावर आतून चीर असते. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप हलके चिमटीत दाबा. ज्याला दाबल्यावर आयडल बदललं, तिथे लक्ष द्या. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधणारे बरेच आहेत, पण गरम एक्झॉस्टवर तो पेटतो. स्मोक मशीन (पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं) असलेल्याकडे जा.

एक अपवाद सांगायला हवा. सगळ्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो. बऱ्याच छोट्या गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावर हवेचा अंदाज घेतात. त्यांत चोरीची हवाही हिशेबात धरली जाते. ट्रिम फार हलत नाही, आयडल मात्र हजाराच्या वर अडकून राहतं.

आणि हे इथेच: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांचा आपला जिल्हा, त्यामुळे तक्रार करायची कुठल्या तोंडाने! इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीची ट्रिम त्यामुळे तीन-चार टक्के वर बसली तर तो बिघाड नाही. पण २१ टक्के ट्रिमचं खापर पेट्रोलवर फोडणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका.

प्लग बदलल्यापासून गाडी झटके मारते, कोड पी ०३०२.

दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करा, कोड उडवून (फोटो काढून झाल्यावर) गाडी फिरवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेलीय. दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल. प्लग पाना वाकडा लावून आवळला की पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी चीर जाते आणि ठिणगी तिथून बाहेर पळते. चिरेवर काळी रेघ उमटलेली दिसते. प्लगही बरोबर निघाला तर इंजेक्टरचं कपलर आणि मग कॉम्प्रेशन. चारही प्लग डब्यावरच्या नंबरनुसार तुमच्याच गाडीचे आहेत ना, हेही बघून घ्या. लांबी वेगळी असलेला प्लग बसतो, पण गाडीचा नसतो.

पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट केलं की लाइट जाते म्हणतात?

हा सल्ला अमेरिकेतल्या व्हिडिओंतून आलाय. तिथे टाकीतून वाफ गळते का हे गाडीने स्वतः तपासणं सक्तीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नसते. झाकण जरूर लावा, आशा ठेवू नका.

गॅरेजवाल्याने इंजिन प्रेशरने धुतलं आणि लाइट लागली.

प्लगच्या विहिरीत किंवा कपलरमध्ये पाणी गेलं. कॉइल काढून आतलं पाणी हवेने उडवा, कपलर सुकवा. आपल्या उन्हात गाडी बॉनेट उघडून दुपारभर ठेवली तरी बऱ्याचदा भागतं. सुकल्यावरही कोड परत आला तर पिना हिरव्या पडल्यात का बघा. इंजिन धुवायला मी सहसा नकोच म्हणतो.

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलल्यावर पी ००१६ आलाय.

गाडी चालवू नका. क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाहीये. बेल्ट एक दात चुकला असेल, आणि बऱ्याच इंजिनांत आणखी घसरला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ज्याने काम केलं त्याच्याकडेच गाडी ओढून न्या आणि खुणा जुळवून दाखवायला सांगा. सेन्सर बदलून बघू असं तो म्हणाला तर नाही म्हणा.

डिझेल गाडी आहे. इंजेक्टर साफ केल्यापासून धूर आणि खडखड.

कॉमन रेल इंजिनच्या बहुतेक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्याचा तो दाखला, आणि ईसीयूत त्याच सिलिंडरसमोर तो भरलेला असतो. साफ करून परत बसवताना पहिल्याचा तिसऱ्यात गेला की हिशेब चुकतो. कधी लाइट लागते, कधी लागतही नाही. इंजेक्टरवरचे कोड वाचून मोठ्या स्कॅनरने परत भरायला सांगा, पार्ट काही लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्याच फेऱ्यांत तो तापत नाही. डीपीएफची लाइट एकटी लागली तर पुणे हायवेने मोहोळपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन या. सोबत इंजिन लाइटही असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण दुसरा दोष असताना बऱ्याच गाड्या जाळण्याची क्रियाच रोखतात. आधी तो दोष काढा. काम झालेल्या गाडीत डीपीएफच्या दाब सेन्सरचे दोन बारीक रबर पाइप बघा: एखादा निसटलेला असतो किंवा दोन्ही उलटे लावलेले असतात. ऑइल कुठलं ओतलं तेही विचारा. डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, साध्या ऑइलने तो हळूहळू तुंबतो.

गाडी सीएनजीवर आहे.

पेट्रोलवर घेऊन दोन-तीन दिवस चालवा. कोड फक्त सीएनजीवर येत असेल तर किटवाल्याचं काम: फिल्टर, रेग्युलेटर, ट्युनिंग. दोन्हींवर येत असेल तर वरचं सगळं लागू.

त्याच गॅरेजमध्ये परत जावं का?

आधी तिथेच जा. भांडायला नको. “अण्णा, परवा तुमच्याकडं प्लग बदलले, घरी पोचेपर्यंत ही लाइट लागली. हा कोडचा फोटो. दोन नंबरचं कपलर एकदा बघता का?” एवढं बोललात तर चांगला मिस्त्री लगेच बॉनेट उघडतो. पोराने कपलर अर्धवट बसवलं हे त्याला तिथेच दिसतं, आणि तो पैसेही घेत नाही. “काय करून ठेवलं गाडीचं” अशी सुरुवात केली की तोही हट्टाला पेटतो आणि दोष तुमच्या पेट्रोलचा निघतो.

दुसऱ्यांदा पार्ट बदलायचं ठरलं तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या. जुना पार्ट परत हवा. नव्याचा डबा बघायला हवा. आणि पार्टने लाइट गेली नाही तर काय, हेही ठरवून घ्या.

त्याने हात वर केले तर?

पक्कं बिल असेल तर बाजू भक्कम. म्हणून पाच-दहा टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नका. दुसऱ्या जाणकाराकडून स्कॅन रिपोर्ट आणि काय चुकलंय याची लेखी नोंद घ्या, फोटो ठेवा, मग गॅरेजला लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. सदोष सेवा हे तक्रारीचं कारण ठरतं, मुदत २ वर्षांची. सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आठशे रुपयांच्या लेबरसाठी हे करायचं का, ते तुम्ही ठरवा; बसलेल्या इंजिनासाठी जरूर करा.

लाइट लागलेली असताना पीयूसी मिळते का?

मिळू शकते. तिथे सायलेन्सरच्या तोंडाशी धूर तपासतात, कोड वाचत नाहीत. पीयूसी मिळाली म्हणून दोष गेला असं नाही.

जुनी गाडी घेतोय, लाइट दिसत नाही. निर्धास्त राहू का?

चावी फिरवा, पण स्टार्ट करू नका. बटणाची गाडी असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बटण दाबा, बऱ्याच गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. इंजिन लाइट लागलीच पाहिजे, आणि स्टार्ट केल्यावर गेली पाहिजे. चावीवर लागतच नसेल तर बहुधा कुणीतरी मीटर उघडून ती बंद केलीय. लागून गेली, तर डोंगल लावून ‘रेडीनेस’ बघा. गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्या त्याची ती यादी. बहुतेक ओळींसमोर ‘अपूर्ण’ असेल तर कोड आजकालच उडवलेत. विकणाऱ्याला सांगा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवून, हायवेवरही नेऊन परत दाखवा. टाळाटाळ करायला लागला तर दुसरी गाडी बघा, एमएच १३ च्या भरपूर आहेत बाजारात.